कॅसेटवरचे चित्रण संगणकावर उतरवताना हिशेब देणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे

माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न १९९३ साली सांगलीत झाले. त्या लग्नाची तीन तासांची व्हीएचएस कॅसेट मी २०१६ साली संगणकावर उतरवून घेतली. यूएसबीच्या स्वस्त कॅप्चर यंत्रासोबत आलेल्या सीडीतले सॉफ्टवेअर बसवले, लाल बटण दाबले आणि तयार झालेल्या फाइलची सुरुवातीची पाच मिनिटे पाहून निर्धास्त झालो. पुढे दिवाळीत सगळे एकत्र बसून ती पाहू लागलो तेव्हा लक्षात आले, की सीमांतपूजनात नेमका जुळणारा आवाज हळूहळू मागे पडत गेला होता. गुरुजींचे ‘सावधान’ ऐकू येण्याआधीच अक्षता पडून गेलेल्या होत्या, आणि बँडवाल्यांचे गाल फुगून खाली बसल्यावर मग बँड वाजत होता. कॅसेटच्या शेवटी हा फरक चार सेकंदांचा झाला होता, आणि सॉफ्टवेअरने मात्र काम यशस्वी झाल्याची हिरवी खूण दाखवली होती. पुन्हा उतरवू, असे म्हणत राहिलो. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागातल्या आमच्या घरात शिरले आणि ती कॅसेट चिखलात गेली. आता उरली आहे ती तीच फाइल. तुकडे करून मी नंतर आवाज जागोजागी जुळवला. पण गळालेले चित्र काही परत आलेले नाही.

त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच कॅसेटी मी उतरवून दिल्या आहेत. त्या अनुभवावरून सॉफ्टवेअर निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो, की चित्रणातला एखादा कण हरवला तर हे सॉफ्टवेअर तसे आकड्यात सांगते का. चित्राचा दर्जा, बटणांची सोय, किंमत या गोष्टी त्यानंतर येतात. जुन्या टेपवरून उतरवताना काही ना काही गळणारच. गळाले ते कळले तर कॅसेट हाताशी असेपर्यंत पुन्हा उतरवता येते.

तारेतून काय येते

आपल्याकडचे व्हीसीआर, व्हीसीपी आणि कॅमकॉर्डर पाल पद्धतीचे आहेत. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रे, असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनते. एका फील्डमध्ये विषम रेषा, दुसऱ्यात सम रेषा, आणि या दोन्हींमध्ये एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. म्हणजे ते दोन वेगवेगळे क्षण असतात. एकूण ६२५ रेषांपैकी ५७६ रेषा चित्राच्या असतात आणि संगणकावर त्यांची नोंद ७२० बाय ५७६ बिंदूंच्या चौकटीत होते. तासाचे चित्रण म्हणजे ९०,००० फ्रेम, आणि एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. माझ्या बहिणीच्या लग्नातले चार सेकंद म्हणजे २,७०,००० पैकी अवघ्या शंभर फ्रेम होत्या. एवढ्याशा गळतीने सगळे लग्न बेसूर झाले.

आणखी एक गोष्ट पुढच्या चाचणीसाठी ध्यानात ठेवावी. व्हीसीआरचे फिरते हेड टेपवर तिरक्या पट्ट्यांमध्ये चित्र लिहिते, एका पट्टीत एक फील्ड, आणि टेपच्या कडेला कंट्रोल ट्रॅकवर त्यांच्या खुणा उमटतात. त्यामुळे टेपवरच्या कोणत्याही दोन दृश्यांच्या मध्ये किती फ्रेम आहेत हे चित्रीकरणाच्या दिवशीच ठरून गेलेले असते. व्हीसीआर बदला, संगणक बदला, ती संख्या बदलत नाही. सॉफ्टवेअरची पारख करायला यापेक्षा चांगले माप मला सापडलेले नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी मात्र एनटीएससी पद्धतीच्या असू शकतात. तिथे ५२५ रेषा आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे कित्येक व्हीसीआर अशी कॅसेट टीव्हीवर दाखवतात, पण तेव्हा ते पालचा रंग आणि एनटीएससीचा वेग असा मिश्र संकेत बाहेर सोडतात. तो पाल-६० या नावाने ओळखला जातो. कॅप्चर यंत्राला तो कळला नाही तर चित्र काळेपांढरे दिसते किंवा उभे घसरत राहते. अशा कॅसेटी घरात असतील तर सॉफ्टवेअरमध्ये संकेताची पद्धत हाताने निवडण्याची सोय आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

यंत्र आधी, सॉफ्टवेअर नंतर

सॉफ्टवेअरची निवड अर्धी यंत्रानेच ठरवलेली असते. पिवळी, लाल, पांढरी पिन आणि एस-व्हिडिओचे गोल भोक असलेली यूएसबीची जी छोटी यंत्रे मिळतात, त्यांतली बरीचशी चित्र न दाबता, म्हणजे जागा वाचवण्यासाठी आकसून न घेता, जसेच्या तसे संगणकाकडे पाठवतात आणि पुढचे काम कोणत्या सॉफ्टवेअरने करायचे हे आपल्यावर सोडतात. काही यंत्रे मात्र आतच चित्र दाबून एच.२६४ स्वरूपात पुढे देतात आणि बहुधा स्वतःच्याच सॉफ्टवेअरशी बोलतात. तिथे निवडीला जागा उरत नाही, म्हणून ती घेऊच नयेत असे माझे मत आहे. पहिल्या प्रकारातही एक गोम आहे. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या डब्यांमध्ये कधी एसटीके ११६०, कधी ईएम २८६०, कधी यूटीव्ही ००७ अशा वेगवेगळ्या चिप निघतात. दुकानदाराला हे ठाऊक असेलच असे नाही. यंत्र जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा हार्डवेअर आयडी पाहावा आणि त्याच चिपचा ड्रायव्हर आपल्या विंडोजवर चालतो याची खात्री झाल्यावरच सॉफ्टवेअरचा विचार करावा. या तिन्ही चिपसाठी लिनक्सच्या कर्नेलमध्ये ड्रायव्हर आहेत. विंडोजवर रुसलेले यंत्र कधी कधी तिथे निमूटपणे चालते.

मिनीडीव्ही आणि डिजिटल-८ या कॅसेटींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावरचे चित्रण मुळातच डिजिटल आहे. फायरवायरच्या तारेतून ते फक्त नकलून घ्यायचे असते. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते आणि चित्र जसेच्या तसे राहते. विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही छोटी सॉफ्टवेअर एवढेच काम करतात आणि ते चांगले करतात. अशा कॅसेटी पिवळ्या पिनमधून उतरवणे म्हणजे छापील पुस्तक समोर असताना त्याची हाताने नक्कल करण्यासारखे आहे.

कोणते सॉफ्टवेअर काय सांगते

अॅनालॉग चित्रणासाठी मी बहुतेक वेळा व्हर्च्युअलडब वापरतो. एव्हरी ली यांनी लिहिलेले हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची शेवटची, १.१०.४ ही आवृत्ती २०१३ सालची आहे आणि पुढे इतरांनी त्यावर व्हर्च्युअलडब२ उभे केले. दिसायला ते जुनाट आहे, पहिल्यांदा उघडणाऱ्याला त्यातले मेनू गोंधळात टाकतात आणि त्यात आपोआप काहीही होत नाही. पण उतरवणे चालू असताना किती फ्रेम आल्या, किती गळाल्या आणि वेळ भरून काढण्यासाठी त्याने स्वतः किती घुसवल्या, हे आकडे ते सतत डोळ्यांसमोर ठेवते. घुसवलेल्या फ्रेमचा आकडा वेगळा दाखवणे विशेष मोलाचे आहे, कारण घुसवलेली फ्रेम म्हणजे आधीच्याच चित्राची पुनरावृत्ती. डोळ्याला ती जाणवत नाही, आवाज जुळलेला राहतो आणि मूळ चित्र मात्र तिथे नसते.

ओबीएस स्टुडिओ हे आज सगळ्यांच्या ओळखीचे, मोफत आणि मजबूत सॉफ्टवेअर आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल सविस्तर लिहावे लागते. ते थेट प्रक्षेपणासाठी घडवलेले आहे. ते स्वतःच्या घड्याळावर चालते: ठरलेल्या क्षणी त्याला एक चित्र बाहेर द्यायचे असते आणि तोपर्यंत यंत्राकडून नवीन फ्रेम आली नसेल तर ते आधीचीच पुन्हा देते. त्याच्या आकडेवारीच्या खिडकीत ‘गळालेल्या फ्रेम शून्य’ असे दिसते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की ओबीएसने आणि संगणकाने आपले काम वेळेत केले. व्हीसीआरकडून किंवा यंत्राकडून न आलेली फ्रेम त्या हिशेबात धरलेलीच नसते. शिवाय ते दोन फील्डची फ्रेम जशीच्या तशी जपून ठेवण्यासाठी बनवलेले नाही. तरीही घरच्यांना दाखवण्यापुरती प्रत हवी असेल आणि कॅसेट सुस्थितीत असेल तर ओबीएस चालेल. मात्र चौकट ७६८ बाय ५७६ आणि वेग सेकंदाला ५० फ्रेम ठेवावा, आणि यंत्राच्या नावावर उजवी कळ दाबून डिइंटरलेसिंगमध्ये, म्हणजे फील्ड सुटी करण्याच्या पर्यायात, ‘याडिफ २एक्स’ निवडावे. म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते आणि हालचाल मूळच्यासारखी वाहती राहते. मोठी चौकट आणि ३० फ्रेमचा वेग तसाच राहू दिला, तर वरातीतले लेझीम अडखळत चालल्यासारखे दिसते.

एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचे साधन आहे. त्याला बटणे नाहीत, पण त्याचा बफर, म्हणजे आलेल्या फ्रेम तात्पुरत्या ठेवण्याची जागा, भरून फ्रेम टाकावी लागली तर ते पडद्यावर तसे लिहिते, म्हणून मी त्याला हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये धरतो. ब्लॅकमॅजिक कंपनीचे कॅप्चर कार्ड आणि मॅक किंवा लिनक्स असलेल्यांसाठी व्हीरेकॉर्ड हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते दृकश्राव्य संग्रह सांभाळणाऱ्यांनीच घडवलेले आहे. जपानहून आलेले अमारेकटीव्ही पुष्कळांना आवडते. माझा हात त्यावर बसला नाही, एवढेच.

यंत्रासोबत सीडीत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला सरसकट वाईट म्हणण्याचे कारण नाही. त्याला पुढचे प्रश्न विचारावेत. गळालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो का? चित्र न दाबता किंवा काहीही न गमावता साठवण्याचा पर्याय आहे का, की थेट डीव्हीडीचे एमपेग-२ किंवा एमपी४ हेच रूप मिळते? फील्ड तशीच ठेवता येतात का? आवाजाची नमुनागती, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, ४८ किलोहर्ट्झ अशी हाताने ठरवता येते का? इंटरनेट बंद असताना, पाच वर्षांनी कंपनी उरली नसताना, ते उघडेल का? माझ्या सीडीतल्या सॉफ्टवेअरने या पाचांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिले नसते. मी विचारलेच नव्हते.

साठवण्याच्या रूपाबद्दल

चित्र अजिबात न दाबता साठवले तर सेकंदाला सुमारे २१ एमबी, म्हणजे तासाला ७५ जीबी जागा लागते. हफवाययूव्ही, यूटी व्हिडिओ, लॅगरिथ यांसारखे कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धती, एकही बिंदू न गमावता ती जागा साधारण निम्म्यावर आणतात, म्हणून उतरवताना यांपैकीच एक निवडावा. जुन्या संगणकावर हफवाययूव्ही सर्वांत हलका पडतो. रंगाचे स्वरूप वाययूवाय२ ठेवावे. कायमच्या साठवणीसाठी नंतर एफएफव्ही१ या कोडेकमध्ये एमकेव्ही फाइल करता येते. त्याचा आराखडा २०२१ साली इंटरनेटच्या मानकसंस्थेने प्रसिद्ध केलेला आहे आणि त्यात प्रत्येक फ्रेमची तपासणी-संख्या ठेवण्याची सोय आहे. डिस्क एनटीएफएसची असावी, कारण फॅट३२ पद्धतीत ४ जीबीच्या पुढे एक फाइल जात नाही, आणि लग्नाची फाइल तेवढी गणेशपूजनातच होते.

उतरवतानाच एमपी४ करण्याचा मोह टाळावा. त्या फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर दोन तासांची फाइल उघडतच नाही. एव्हीआय फाइल अशी अर्धवट राहिली तर व्हर्च्युअलडब ती उघडताना अनुक्रमणिका पुन्हा बांधून घेते, आणि एमकेव्हीही तिथपर्यंत चालते. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून सांगलीतल्या वीजकपातीची काळजी नाही असे वाटते खरे. पण व्हीसीआरला बॅटरी नसते. तो बंद पडताना टेप ड्रमवर ताणलेली राहते. म्हणून व्हीसीआर इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या जोडणीवर ठेवावा.

पारख कशी करावी

सॉफ्टवेअरची चाचणी कधीही महत्त्वाच्या कॅसेटवर करू नये. हाताशी असलेली, फारशी कोणाला नको असलेली, पण चित्र बरे असलेली लग्नाची कॅसेट घ्यावी. लग्नाचीच का, तर त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश असतात. फ्लॅशचा पांढरा झोत टेपवर बहुधा एकाच फील्डपुरता, फार तर दोन, उमटतो. आपल्याला हव्या त्या अचूकतेची खूण त्या अनोळखी फोटोग्राफरने तीस वर्षांपूर्वी करून ठेवलेली असते.

व्हीसीआरचे हेड स्वच्छ करून, कॅसेट एकदा पुढे आणि मागे पूर्ण फिरवून घ्यावी. पुढची सगळी तयारी व्हर्च्युअलडबच्या संदर्भात सांगतो. दुसरे सॉफ्टवेअर असले तरी शोधायच्या गोष्टी याच. फाइल मेनूतून कॅप्चरच्या भागात जावे आणि यंत्र निवडावे. चित्र काळेच दिसत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अॅपना कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगी आहे का ते पाहावे. कॅप्चर यंत्राला विंडोज कॅमेराच समजते आणि याच एका कारणाने चांगली यंत्रे परत गेलेली मी पाहिली आहेत. त्यानंतर क्रॉसबारमध्ये, म्हणजे संकेत कुठून घ्यायचा ते ठरवण्याच्या खिडकीत, कंपोझिट (पिवळी पिन) की एस-व्हिडिओ ते ठरवावे, पद्धत पाल-बी ठेवावी, चौकट ७२० बाय ५७६, वेग २५, कोडेक हफवाययूव्ही, आणि आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन्ही बाजूंचा. आवाज शक्यतो त्याच यूएसबी यंत्रातून घ्यावा. चित्र यंत्रातून आणि आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेतला तर दोन वेगळी घड्याळे कामाला लागतात आणि ती तीन तास बरोबर चालतील याचा भरवसा नसतो.

प्रकाशाची पातळीही याच वेळी पाहावी. त्या काळचे शूटिंगवाले हॅलोजनचा दिवा थेट वधूवरांच्या तोंडावर धरत. नवरदेवाचा पांढरा फेटा आणि अंतरपाट टेपवरच पांढरेफटक असतात, आणि यंत्राची ब्राइटनेस थोडी जास्त असली तर अंतरपाटावरचे कुंकवाचे स्वस्तिकही पुसले जाते. व्हर्च्युअलडबमध्ये हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, उघडून, त्याचे टोक उजव्या भिंतीला धडकणार नाही इतपत ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट खाली आणावे. चित्राच्या तळाशी चार-दोन फाटक्या, थरथरत्या रेषा दिसतील. ते व्हीसीआरच्या हेडच्या अदलाबदलीचे चिन्ह आहे. ते दिसते आहे याचा अर्थ सॉफ्टवेअर चित्र कापत नाही.

आता दहा मिनिटे उतरवावे, एस्केपने थांबवावे, टेप मागे घ्यावी आणि तोच भाग दुसऱ्यांदा वेगळ्या फाइलमध्ये उतरवावा. दोन्ही फाइलींमध्ये सुरुवातीचा एक आणि शेवटाकडचा एक असे तेच दोन फ्लॅश शोधावेत. बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जात त्यांचे क्रमांक टिपून घ्यावेत आणि वजाबाकी करावी. दोन्ही वजाबाक्या सारख्या आल्या पाहिजेत. मध्ये सुमारे १५,००० फ्रेम असताना एका फाइलीत तीन कमी आल्या तर कोणीतरी तीन गाळल्या. त्या वेळी सॉफ्टवेअरच्या आकड्यानेही तीनच म्हटले असेल, तर ते सॉफ्टवेअर ठेवावे आणि दोष दुसरीकडे शोधावा. आकडा शून्य असेल तर ते काढून टाकावे, मग त्याचे नाव कितीही मोठे असो. एकेक फ्रेम चालताना हलत्या हातांच्या, पदरांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसत असतील तर घाबरू नये. फील्ड सुरक्षित असल्याची ती खूण आहे.

दुसरी चाचणी पूर्ण लांबीची. आवाज सरकतो तो तासातासाने, म्हणून दहा मिनिटांवरून त्याचा निकाल लागत नाही. तीन तासांची कॅसेट सलग उतरवून शेवटाकडचा एखादा ठोका पाहावा. मिरजेतल्या एका परिचितांच्या घरगुती मैफलीची कॅसेट माझ्याकडे चाचणीसाठी असते. तबलजीची बोटे पुडीवर पडणे आणि ‘ना’ ऐकू येणे यांत तीन फ्रेमचा फरक पडला तरी तो खटकतो. बोलणाऱ्या माणसाच्या ओठांवरून इतके बारीक अंतर ओळखणे अवघड जाते.

तिसरी चाचणी व्रात्यपणाची आहे. उतरवणे चालू असताना व्हीसीआर थांबवावा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावा आणि पाहावे की सॉफ्टवेअर काय करते. लग्नाच्या कॅसेटीत शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद-चालू केल्याचे कितीतरी सांधे असतात, आणि तिथे संकेत क्षणभर तुटतो. काही सॉफ्टवेअर अशा वेळी निमूटपणे काम थांबवतात, काही चित्र थांबवून आवाज मात्र घेत राहतात, आणि मग पुढचे सगळे बिनसते. माझ्या बहिणीच्या कॅसेटीत नेमके हेच झाले असावे, कारण आवाज एका गतीने न सरकता सांध्यासांध्याला उडी मारत मागे पडला होता. शेवटी टास्क मॅनेजरमधून सॉफ्टवेअर मध्येच बंद पाडावे आणि अर्धवट राहिलेली फाइल उघडते का ते पाहावे.

आकडे वाढू लागले तर

गळती दिसली की लोक सॉफ्टवेअर बदलत सुटतात. त्याआधी तीच जागा पुन्हा उतरवून पाहावी. प्रत्येक वेळी त्याच दृश्यावर फ्रेम गळत असतील तर दोष टेपचा किंवा व्हीसीआरच्या संकेताचा आहे. दरवेळी वेगळ्या जागी गळत असतील तर दोष संगणकाचा. संगणकाचा दोष सहसा साधा असतो: यूएसबी हबऐवजी यंत्र थेट भोकात लावावे, फाइल बाहेरच्या डिस्कवर न लिहिता आतल्या डिस्कवर लिहावी, अँटिव्हायरसची झडती, विंडोजचे अपडेट आणि झोपेची वेळ तेवढ्यापुरती बंद ठेवावी, आणि गरज पडल्यास चित्राचे पूर्वदर्शनही बंद करावे.

टेपचा दोष कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. जुन्या टेपवरून येणाऱ्या रेषांची वेळ मागेपुढे होत असते आणि ती सावरण्याचे काम यंत्रात शिरण्याआधीच व्हावे लागते. त्यासाठी टाइम बेस करेक्टर लागतो. काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो, आणि काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडले तर त्यांतून जाणारा संकेत बराच सावरतो. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसत असेल तर ती बुरशी आहे. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसाळी घरांतून आलेल्या कॅसेटीत ती हमखास आढळते. अशी कॅसेट साफ करून घेतल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण ती भुकटी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर जाते.

उरतो एक फसवा प्रकार. चित्र स्वच्छ, टेप चांगली, आणि तरीही घुसवलेल्या फ्रेमचा आकडा ठरावीक अंतराने एकेकाने वाढत जातो. हा यंत्राच्या दोन घड्याळांचा बेबनाव असतो आणि सॉफ्टवेअर आवाजाशी चित्र जुळवण्याच्या प्रयत्नात फ्रेम घुसवत असते. व्हर्च्युअलडबच्या टायमिंग खिडकीत पुन्हा न जुळवण्याचा पर्याय आहे. तो निवडून फ्लॅशची वजाबाकी आणि शेवटचा ठोका, दोन्ही पुन्हा तपासावेत. फ्रेम पूर्ण आल्या आणि आवाज मात्र एकसारख्या गतीने थोडा सरकला, तर तो नंतर एकाच हिशेबाने ताणून बसवता येतो. म्हणून या दोहोंतून निवडायची वेळ आली तर मी फ्रेम पूर्ण ठेवतो.

बाजारातल्या चित्रपटांच्या बऱ्याच कॅसेटींवर नक्कल रोखणारा मॅक्रोव्हिजनचा संकेत असतो. त्यांवर चित्र उजळत-मावळत राहिले तर सॉफ्टवेअरची पारख त्यावरून करू नये.

हे सगळे स्वतः करायचे नसेल आणि कॅसेट शहरातल्या एखाद्या मिक्सिंगवाल्याकडे द्यायची असेल, तरी मूळ न दाबलेली फाइल मिळेल का आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा कळेल का, हे दोन प्रश्न विचारावेत. पेन ड्राइव्हवरची एमपी४ फाइल तेवढी मागून घरी येऊ नये. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर कॅसेट परत घ्यावी. वर हसून विषय बदलला तर लगेच घ्यावी.

उतरवून झाल्यावर मूळ फाइलला हात लावू नये. घरच्यांसाठीची प्रत वेगळी करावी, तिच्यातच फील्ड सोडवून सेकंदाला ५० फ्रेम कराव्यात; हँडब्रेकमध्ये किंवा एफएफएमपेगमध्ये बीडब्ल्यूडिफ हे गाळणे त्यासाठी पुरते. चित्राचे प्रमाण चारास तीन ठेवावे, सोळास नऊपर्यंत ताणले तर वधूवर उगाचच रुंद दिसतात. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन डिस्कवर असाव्यात आणि त्यांतली एक, निदान गावभागात राहणाऱ्यांनी, विश्रामबागेकडच्या किंवा मिरजेच्या नातेवाइकाच्या माळ्यावर ठेवावी. मी प्रत्येक कॅसेटच्या वेष्टनात एक चिठ्ठी घालतो. तीवर उतरवल्याची तारीख, व्हीसीआर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आलेल्या फ्रेम, गळालेल्या फ्रेम, घुसवलेल्या फ्रेम आणि गळती कुठल्या मिनिटाला झाली ते लिहिलेले असते. गेल्या महिन्यात मावशीच्या घरची एक कॅसेट दुसऱ्यांदा उतरवायला घेतली तेव्हा चिठ्ठीवर ‘४१व्या मिनिटाला ६’ असे होते. या खेपेला दुसऱ्या व्हीसीआरवर तिथे एकच गळाली, आणि चिठ्ठी बदलली.